गिरमिट, खिळा आणि मोडलेले हाड

खुर्चीचा पाय मोडला की आपण सुताराला बोलावतो. तो दोन्ही तुकडे एकमेकांवर बसवून पाहतो, गिरमिटाने भोक पाडतो, त्यात एक स्क्रू पिळतो, आणि खुर्ची पुन्हा पाहुण्यांसाठी पुढे करण्याजोगी होते. आपला स्वतःचा पाय मोडला तर मात्र हा सरळ उपाय माणसाला हजारो वर्षे वापरता आला नाही. हाड जागेवर बसवायचे, बांबूच्या कांबी बांधायच्या आणि निसर्गाची वाट पाहत पडून राहायचे, एवढेच हाडवैद्याच्या हाती होते. माणसाच्या डोक्यात ही कल्पना आलीच नव्हती असे थोडेच आहे? दोन तुकड्यांना भोके पाडून ती तारेने शिवावीत हे कोणाही चतुर माणसाला सुचण्यासारखे होते. सुचलेही होते. न्यूयॉर्कच्या कीर्नी रॉजर्स या शल्यविशारदाने १८२७ साली दंडाच्या न जुळलेल्या हाडाला भोके पाडून त्यांतून चांदीची तार ओवली होती.

आता प्रश्न असा की, अशी गोष्ट ‘नवा शोध’ म्हणावी काय? म्हटली तर तिच्यावर कोणाची मालकी मानावी काय? सरकारी मराठीत ज्याला ‘एकस्व’ म्हणतात आणि आपण सारे जण पेटंट म्हणतो, ते हाडात भोक पाडण्याच्या रीतीला द्यावे काय? प्रश्न ऐकायला गमतीचा वाटतो. पण त्याच्या पाठीमागे दीडशेहून अधिक वर्षांचा झगडा आहे आणि त्यात दरवाजाची मूठ, पितळेची ताटे, बेशुद्धीचे औषध आणि डोळ्यातला मोतीबिंदू अशी सगळी मंडळी हजेरी लावून गेली आहेत.

प्रथम हाडाकडे वळू. १८७७ साली जोसेफ लिस्टर एडिंबरोहून लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या २६ तारखेला त्याने गुडघ्याची वाटी फुटलेला एक रोगी टेबलावर घेतला. वाटीचे दोन तुकडे झाले की वरचा तुकडा मांडीच्या स्नायूमुळे वर ओढला जातो आणि खालचा जागेवर राहतो. बाहेरून कितीही पट्ट्या बांधा, दोघांची भेट होणे कठीण. लिस्टरने गुडघा उघडला, दोन्ही तुकड्यांना भोके पाडली आणि चांदीच्या तारेने ते एकमेकांशी बांधून टाकले. लंडनच्या शस्त्रवैद्यांत याने खळबळ उडाली. रोगी दगावला तर या गृहस्थावर खटला भरला पाहिजे, असे एका नामांकित शस्त्रवैद्याने बोलून दाखवल्याचे सांगतात. रोगी दगावला नाही. तो बरा झाला. पुढे १८८३ मध्ये लिस्टरने असे बरे केलेले रोगी लंडनच्या वैद्यकीय मंडळींपुढे आणून उभे केले.

या शस्त्रक्रियेत नवे काय होते? भोक पाडणे नवे नव्हते, तार नवी नव्हती, आणि दोन तुकडे बांधावेत ही कल्पना तर नाहीच नाही. गुडघ्याचा सांधा मुद्दाम उघडणे म्हणजे त्या काळी रोग्याला जवळजवळ मृत्यूच्या दारी नेणे होते. उघडलेल्या सांध्यात पू होणार, पाय कापावा लागणार, बहुधा माणूसही जाणार, हे प्रत्येक डॉक्टराला माहीत होते. लिस्टरने कार्बोलिक आम्लाने हात, हत्यारे आणि जखम शुद्ध ठेवण्याची रीत आधी बसवली होती, म्हणून त्याला गिरमिट उचलण्याचा धीर झाला. म्हणजे गिरमिटाची वाट जंतूंनी अडवून धरली होती. ती वाट मोकळी झाल्यावर पुढच्याला सारे सोपे दिसू लागले. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे न्यायालयात याच गोष्टीवरून वकिलांनी तासन् तास वाद घातले आहेत.

जंतू गेले तेव्हा गंज आला. लंडनचा आर्बथनॉट लेन हाताचा स्पर्श जखमेला होऊ न देता लांब दांड्याच्या हत्यारांनी हाडांवर पोलादी पट्ट्या स्क्रूने बसवीत असे. त्याचे सोवळे कडक होते, पण त्याचे पोलाद शरीरात गंजत असे. बेल्जमच्या अँटवर्प गावी आल्बँ लांबोट हा तर शस्त्रवैद्य असून हौशीने व्हायोलिने बनवीत असे, आणि आपली हत्यारेही स्वतःच तयार करी. ‘ऑस्टिओसिंथेसिस’, म्हणजे अस्थिसंधान, हा शब्द त्यानेच १९०७ च्या आपल्या ग्रंथातून रूढ केला. लाकडाच्या पातळ फळ्या न फुटता जोडणाऱ्या हाताला हाड जोडण्याची अक्कल यावी यात मला तरी नवल वाटत नाही. पुढे टेक्सासमधील व्हेनेबल आणि स्टक या दोघांनी १९३६-३७ च्या सुमारास दाखवून दिले की, पट्टी एका धातूची आणि स्क्रू दुसऱ्या धातूचा असला तर शरीरातल्या खारट द्रवात दोघांची मिळून एक विजेची बॅटरीच तयार होते आणि भोवतालचे हाड झिजते. सुताराच्या लाकडात असले काही होत नाही. खुर्ची आणि मांडी यांतला फरक असा एकेक करून कळत गेला.

आता न्यायालयात जाऊ. अमेरिकेत १८४१ साली हॉचकिस आणि त्याच्या साथीदारांनी दरवाजाच्या मुठीचे पेटंट घेतले. मूठ चिनी मातीची. तिच्या तळाला आत रुंद होत गेलेली खाच. त्या खाचेत धातूचा दांडा असा बसवलेला की तो सुटून येऊ नये. लाकडाच्या आणि धातूच्या मुठींत ही खाच आधीपासून होती. यांनी केले एवढेच की मूठ मातीची केली. ती स्वस्त पडली आणि टिकाऊही निघाली. दुसऱ्या एका कारखानदाराने तशीच मूठ काढली तेव्हा भांडण लागले आणि ते १८५१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाले. न्यायमूर्तींचे म्हणणे थोडक्यात असे : धंद्यातला कोणीही कुशल कारागीर जे सहज करील ते कारागिराचे कसब होय, संशोधकाची प्रतिभा नव्हे. नुसते नवे असून भागत नाही. ते सहज सुचण्याच्या पलीकडचे असले पाहिजे. एका न्यायमूर्तीने मात्र विरुद्ध मत दिले. वस्तू नवी आहे, पूर्वीपेक्षा चांगली आहे आणि स्वस्त आहे, मग आणखी काय हवे, असा त्याचा सवाल होता. तो सवाल आजही पुरता मिटलेला नाही.

त्या मुठीतून ‘उघडपणा’ची कसोटी जन्माला आली आणि १९५२ च्या अमेरिकी कायद्यात ती कलमबद्ध झाली. त्या धंद्यात मुरलेल्या सामान्य माणसाला ही गोष्ट शोधाच्या वेळी उघड वाटली असती काय, असे विचारायचे. ‘शोधाच्या वेळी’ हे शब्द फार महत्त्वाचे. कोलंबसाचे अंडे उभे राहिलेले पाहिल्यावर टेबलाभोवतीच्या साऱ्यांनाच ते येते. मागाहून सुचणाऱ्या या शहाणपणाला न्यायाधीशांनी बळी पडू नये, असे न्यायालयांनी स्वतःलाच वारंवार बजावले आहे. उलट २००७ साली मोटारीच्या ॲक्सिलरेटरच्या एका खटल्यात त्याच सर्वोच्च न्यायालयाने दुसरी बाजूही सांगितली. हा कल्पनेतला कारागीर म्हणजे काही यंत्र नव्हे, त्यालाही थोडीफार कल्पकता असते; दोन जुन्या गोष्टी जोडून अपेक्षित तोच परिणाम मिळत असेल तर त्याला शोध म्हणता येणार नाही.

आपल्याकडचा असाच एक खटला थेट स्वयंपाकघरातला आहे. उत्तर प्रदेशात मिर्झापूरच्या भांड्यांच्या धंद्यात ताटे, बशा वगैरे लेथवर चढवून तासून चकचकीत करीत. भांडे लेथच्या एकाच बाजूला लाखेसारख्या चिकट पदार्थाने डकवीत किंवा जबड्यात पकडीत. फिरता फिरता ते सुटून कारागिराच्या अंगावर येण्याची धास्ती असे. एका कारखान्याने समोरच्या बाजूनेही दाब देऊन भांडे पकडण्याची तजवीज केली आणि १९५१ च्या अर्जावर पेटंट मिळवले. उच्च न्यायालयात पारडे एकदा इकडे, एकदा तिकडे झुकले. अखेर १९७८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरवले. ही तर कारखान्यातली रोजची सुधारणा, हिच्यात संशोधकाची पायरी नाही, असे न्यायालयाचे मत पडले. अमेरिकेची मूठ आणि मिर्झापूरचे ताट, सव्वाशे वर्षांच्या अंतराने न्याय एकच.

पण हाडाच्या बाबतीत ‘उघड की नाही’ याच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो. रोगी बरा करण्याच्या रीतीवर मालकी सांगावी तरी का? बोस्टनच्या विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने १८४६ च्या ऑक्टोबरात ईथर हुंगवून एका रोग्याला बेशुद्ध केले आणि शस्त्रक्रिया वेदनेवाचून झाली. महिना उलटण्याच्या आत त्याने आणि रसायनतज्ज्ञ जॅक्सनने पेटंट हाती घेतले. ईथर ओळखू येऊ नये म्हणून त्यात रंग आणि सुवास मिसळून ‘लीथिऑन’ असे भारदस्त नाव ठेवले होते. वास लपला नाही आणि पेटंटही टिकले नाही. १८६२ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ते निरर्थक ठरवले. ईथर जुने, हुंगणे जुने. त्याचा परिणाम नव्याने कळला म्हणून ते पेटंट होत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. साऱ्या जगाला वेदनेतून सोडवणारा हा मनुष्य भांडणांनी जर्जर होऊन १८६८ साली वारला.

याच्या उलट आपल्या पुण्याची गोष्ट. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकात एक पत्र छापून आले. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती सापडला होता आणि त्याचे नाक कापले गेले होते. पुण्याजवळच्या विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक बसवले आणि मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिले. ते वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूने १८१४ साली तीच शस्त्रक्रिया तिकडे केली आणि मग ती युरोपभर पसरली. कार्प्यूला कोणाचा परवाना काढावा लागला नाही. मासिकाने कावसजीचे नाव छापले, चित्रही छापले. त्या कारागिराचे नाव मात्र छापलेले नाही. पेटंटाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हवे तर याचा आधार घ्यावा.

हा वाद अगदी अलीकडेही पेटला. ॲरिझोनाच्या सॅम्युएल पॅलिन या नेत्रवैद्याला १९९२ साली मोतीबिंदूच्या अशा छेदाचे पेटंट मिळाले की ज्याला टाका घालावा लागत नाही. त्याने १९९३ मध्ये दुसऱ्या एका नेत्रवैद्यावर फिर्याद लावली. तशा तऱ्हेचे छेद आम्ही आधीपासूनच घेत होतो, असे सांगणारे डॉक्टर पुढे आले. १९९६ च्या मार्चमध्ये पॅलिनचे वादग्रस्त दावे निरर्थक ठरले, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून टाकला की, शस्त्रक्रियेच्या निव्वळ रीतीसाठी डॉक्टरावर पेटंटभंगाची भरपाई बसणार नाही. तिथे रीतीचे पेटंट मिळते. डॉक्टराविरुद्ध ते वापरता येत नाही इतकेच. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याने एवढे आढेवेढे घेतलेलेच नाहीत. मनुष्यावर करावयाच्या औषधी वा शस्त्रक्रियेच्या रीतीला ‘शोध’ म्हणायचेच नाही, असे तिसरे कलम साफ सांगते. गिरमिटाला पेटंट मिळेल, गिरमिट कसे चालवावे याला नाही. माझ्या मते हा निवाडा शहाणपणाचा आहे. टेबलावर रोगी असताना शस्त्रवैद्याने वकिलाला फोन लावावा, हे चित्र काही मनाला पटत नाही.

म्हणून खरी लढाई हत्यारांवर आणि खिळे-पट्ट्यांवर येऊन ठेपली. जर्मनीत कील येथे गेऱ्हार्ड क्युंट्शरने १९३९ च्या नोव्हेंबरात मांडीच्या मोडलेल्या हाडाच्या पोकळीत, मज्जेतूनच, एक लांब पोलादी खिळा आरपार ठोकला. पुढच्या मार्चमध्ये बर्लिनच्या परिषदेत त्याने हे सांगितले तेव्हा जाणत्यांच्या भुवया उंचावल्या. मज्जा म्हणजे हाडाचा जीव, ती उद्ध्वस्त करून हाड कसे जुळेल? पण जुळले, आणि महिनोन् महिने खाटेला खिळणारे रोगी लवकर चालू लागले. महायुद्ध संपताना जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या एक्स-रे चित्रात ही पोलादी कांब पाहून त्यांचे डॉक्टर चकित झाले. मांडीच्या हाडाच्या मानेत खिळा घालण्याची पद्धत बोस्टनच्या स्मिथ-पीटरसनने १९३१ सालीच प्रसिद्ध केली होती. मग मानेतला खिळा पोकळीत नेणे ‘उघड’ म्हणायचे काय? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. कारण साऱ्या जाणत्यांना जे करू नये असे वाटत होते तेच त्याने केले. जाणत्यांचा असा नकार हा शोध उघड नसल्याचा पुरावा म्हणून न्यायालयेही मानतात.

मज्जेतल्या खिळ्याला एक खोड होती. हाडाचा चुरा झालेला असला तर खिळ्याभोवती तुकडे गरगर फिरत आणि पाय आखूड होई. म्हणून वरून आणि खालून हाड व खिळा दोन्हींतून आडवे स्क्रू घालण्याची युक्ती निघाली, आणि १९७० नंतर ती चांगलीच रुळली. खिळ्याला आडवी भोके कारखान्यातच पाडून ठेवलेली असतात. वरचे भोक सोपे, कारण खिळ्याच्या डोक्याला बाहेरून जोडलेला साचा नेमकी जागा दाखवतो. खालच्या भोकाची कथा निराळी. हाड काही सरळ नळी नाही. त्यात शिरताना खिळा थोडा वाकतो, थोडा पिळतो, आणि हातभर दूर असलेल्या साच्याचा नेम चुकतो. मांसाच्या आड, हाडाच्या आड, एका कांबीच्या पोटातले बोटाच्या पेरापेक्षाही लहान भोक शोधायचे. एक्स-रेचा झोत तिरका असला की ते लांबट दिसते. यंत्र हळूहळू फिरवत ते अगदी वाटोळे दिसू लागले की झोत भोकाच्या रेषेत आला असे समजायचे आणि त्याच रेषेत गिरमिट धरायचे. तोवर डॉक्टराच्या हातांवर किरणांचा मारा होत राहतो. हा नेम बरोबर साधावा म्हणून साचे, नळ्या, चुंबकी दर्शक अशी कितीतरी साधने निघाली. भोक पाडून स्क्रू घालायचा ही रीत सुताराइतकी जुनी, पण भोक नेमके कोठे आहे हे कळण्याची विद्या नवी. तेव्हा उघड काय नि अनुघड काय, याची सीमारेषा या दोहोंच्या मधून कोठून तरी जाते.

पट्ट्यांची हकीकत याहून बोलकी आहे. स्वित्झर्लंडमधील बील गावच्या एका हॉटेलात ६ नोव्हेंबर १९५८ रोजी तेरा शस्त्रवैद्यांनी ‘ए. ओ.’ नावाचे मंडळ स्थापले. मॉरिस म्युलर हा त्यांचा म्होरक्या; तो १९५० साली ब्रसेल्सच्या रोबेर डानिसला भेटून हाडाचे तुकडे एकमेकांवर घट्ट दाबून बसवण्याचे तंत्र पाहून आला होता. बेटलाख गावचा रॉबर्ट माथिस हा यंत्रकार त्यांना हत्यारे करून देई. हत्यारांचे हक्क त्यांनी एका वेगळ्या संस्थेकडे ठेवले आणि येणारा पैसा संशोधनाला लावला. स्वतःच्या खिशात घातला नाही. १९६९ ची त्यांची दाबपट्टी पाहावी. स्क्रूचे भोक गोल नसून लांबट आणि आत उतरते. स्क्रू पिळत गेले की त्याचे गोल डोके त्या उतारावरून घसरते, आपल्याबरोबर हाडाचा तुकडा ओढते आणि दोन तुकडे एकमेकांवर चपखल दाबले जातात. घसरगुंडीवरच्या पोराला जे ठाऊक, ते येथे हाड जुळवते. आता ही कल्पना पाहून ‘यात काय मोठेसे!’ म्हणणारे भेटतात. त्यांनी १९६८ साली म्हणायला हवे होते.

पुढची पायरी म्हणजे स्क्रूच्या डोक्यालाच आटे पाडून ते पट्टीच्या भोकातल्या आट्यांत अडकवणे. मग पट्टी हाडावर आवळून दाबावी लागत नाही आणि म्हाताऱ्या माणसाच्या ठिसूळ हाडातही पकड राहते. हा विचार कोणाचा? फ्रान्समध्ये पॉल राइनहोल्डने १९३१ सालीच स्क्रू पट्टीत अडकवण्याचे पेटंट घेतले होते. पोलंडमध्ये १९७० नंतरच्या दशकात त्याच विचाराची साधने वापरात आली. स्विस मंडळींची याच जातीची पट्टी २००० च्या सुमारास आली आणि जगभर पसरली. तिच्या एकाच भोकात अर्धा भाग आट्यांचा, अर्धा घसरणीचा.

अशाच एका पट्टीवरून सिंथीज आणि स्मिथ अँड नेफ्यू या दोन बड्या कंपन्यांत जुंपली. पेटंट सिंथीजचे होते, मोडलेल्या लांब हाडांवर बसवायच्या पट्टीचे. तिच्या डोक्याकडील भोके शंकूसारखी निमुळती आणि निदान थोड्या भागात आटे असलेली. स्मिथ अँड नेफ्यूने पेटंट कार्यालयाला फेरतपासणी करायला लावली. तपासनीस म्हणाला, हे उघड आहे. त्याच्या वरच्या मंडळाने काही दाव्यांबाबत त्याला खोडून काढले. प्रकरण अपील न्यायालयात गेले आणि २०१३ च्या जुलैमध्ये न्यायालयाने मंडळाचा निर्णय फिरवला. निमुळती भोके माहीत होती, आटे असलेली माहीत होती, अर्धवट आट्यांचीही माहीत होती. या धंद्यातल्या कुशल माणसाला ती एकत्र आणायला फार दूर जावे लागले नसते, असे न्यायालय म्हणाले. आमच्या पट्ट्या किती खपल्या ते पाहा, असे सिंथीजचे सांगणे होते. त्यावर न्यायालयाचे उत्तर असे की, खप हा पुरावा खरा, पण तो पट्टीतल्या नव्या भागामुळे झाला हे दाखवता आले पाहिजे. जुन्या गुणांमुळे माल खपला तर त्याने शोध सिद्ध होत नाही. चिनी मातीची मूठही स्वस्त आणि टिकाऊ होतीच की!

या निकालानंतरही हाडांच्या पट्ट्यांवर पेटंटे निघत राहिली आहेत. एका भोकातल्या आट्यांचा कोन अमुक अंशाचा, दुसऱ्यात स्क्रू तिरका घालण्याची सोय, तिसऱ्यात भोक पाडण्याची नळी आधीच बसवून दिलेली. प्रत्येकाच्या अर्जावर तपासनीस तोच प्रश्न टाकतो, आणि उत्तर देणाऱ्यांच्या टेबलावर जुन्या पेटंटांची चळत असते. त्या चळतीत खाली कोठेतरी १९३१ च्या त्या फ्रेंच पेटंटाचे कागद असतात.